तुळशीच्या मंजुळा

वसमतच्या दवाखान्यात मी बाळाच्या कपाळाला पुन्हा पुन्हा हात लावून पाहत होते. शेजारच्या बाकावर एक नवी सून आणि तिची शेजारीण बोलत होत्या.

“सखुमावशी, आमची तुळस वाळून राहिली. आत्याबाई उद्या गावाहून येतील. काय सांगू त्यांना?”

“पाणी किती येळा घालतीस?”

“तीन येळा.”

“मुळं कुजतील, बाई. माती खुरपून मोकळी कर. वरची माती वाळली की मंगच पाणी घाल. आन मंजुळा खुडतीस का?”

“न्हाई.”

“काहून? बी धरून झाड दमतं. खुडलं की खाली फुटवा येतो.”

“आत्याबाईंचं नाव हाय ते. सासूचं नाव खुडायला हात धजला न्हाई.”

“अगं, मंजुळाबाई सोता रोज खुडती.”

“पर म्या काय खुडलं, ते त्यांना कसं सांगू?”

“सांग, तुमचं नाव झाडाला लई जड झालतं.”

“रागावतील ना.”

“हसंल ती. तिच्या सासूचं नाव तुळसा होतं. आजवर तुळशीला ती निस्तं झाडच म्हणती.”