डावरीला उजवीकडं जुंपलं

न्हाई न्हाई, त्यो कागद पिशवीतनं बाहीरच काढू नका मॅडम. च्या घ्या, गार हुतोय — कागद ऱ्हाऊ द्या. आमच्या मल्हारनं सांगितलं आसंल तुमाला फोनवर, आबा हो म्हनलं की मी सही करतो म्हनून. शाना हाय. सोता गेला कंपनीत शिफ्टला आन् बापाला बसवलं हितं ओट्यावर, वाईटपना घ्यायला. घेतो की! मला काय सरपंच व्हायचंय? प्रगतीचा आजा हाय मी, आन् मी सांगतो, पोरगी आता बर्फावर जानार न्हाई. लडाखचं शिबिर आसू द्या न्हाई तर इंद्राच्या दरबारातलं. तुमी शिरूरवरनं दोन गाड्या बदलून न्हावऱ्याला आलात, ऊन डोक्यावर घेतलंत, त्याचं वाईट वाटतंय मला — पन ते येगळं आन् हे येगळं.

आन् मला खेळ कळत न्हाई आसं तोंड करू नका. व्हय, आमचा बा मेंढरामागं हिंडला, मी बर्फ बघितला त्यो जत्रंतल्या गोळेवाल्याच्या गाडीवर. पन ह्या बर्फावरच्या हाकीचं मी तिला इचारून घेतलंय समदं. हितंच, ह्या अंगनात, उसाची कांडकी मांडून दावलं तिनं मला — ही मधली पोरगी, ही डावीकडनं पळनारी, ही उजवीकडनं, आन् कडंनी सगळं लाकडी भिताड. ती काळी चकती घसरत येती, ती काठीनं गोलात घालायची. बरूबर? आता आमची प्रगती डावरी. तिच्या काठीचं पातं डाव्या अंगाला. मंग ती डावीकडनं पळली म्हंजी भिताडाकडनं आलेली चकती आपसूक पात्यावर — खरं का खोटं? हां. मान हालवू नका नुसती, तोंडानं म्हना. सहा वरीस तुमीच तिला डावीला पळवली. आधी शाळंच्या सिमेंटवर चाकाच्या बुटात, मंग पुन्यात त्या मॉलमधल्या बर्फावर. आन् ह्या साली, भारतातल्या पोरी जमल्या तिथं — उचलली आन् टाकली उजवीला! का? सहा वरीस काय झोपला हुता का?

बरं, उजवीकडनं गोल मोठा दिसतो म्हनता. पातं मधल्या अंगाला येतं, मधनं चकती आली की जागच्या जागी फटका — बरं, हे बी कळलं मला. सात गोल केलं — केलं की! मी कुठं न्हाई म्हनतोय! मल्हारच्या मोबाईलवर बघितलं मी, सोसायटीच्या पायरीवर बसून निम्म्या गावाला दावलं. आनंदरावांना तर दोनदा दावलं, त्यांची नातवंडं पुन्यात शिकत्यात म्हनून लई बोलत आसत्यात — ते जाऊ द्या. सात गोलाचं काय सांगता, आठव्या बारीचं सांगा की. चकती आली भिताडाला घासत. पातं कुठं? उलट्या बाजूला. मंग पोरीनं काय करायचं? मान वळवली, अंग वळवलं, पाठ फिरवली — आन् मागनं ती दुसरी पोरगी, तिची बी चूक न्हाई, तिला थांबाय झालं न्हाई — उजवा खांदा भिताडात. गळ्याचं हाड गेलं. त्यो आवाज मोबाईलमधी बी येतो मॅडम. मल्हार म्हनतो आबा तेवढं बघू नका. मी बघतो.

आमी बैलाला सुदिक आसं करत न्हाई. बैलाला आपापला खांदा आसतो. एक डावीला चालतो, एक उजवीला, मरस्तवर. आदलाबदल केली की बैल बावचळतो, जू वाकडं वढतो, खांदा सुजवून घेतो. माझा हरन्या हुता — डावीचा. जोडीचा बैल ऐन पेरनीत बसला, उठंना. रान वापशावर आलेलं, करतो काय? खुटबावच्या पाव्हन्याचा बैल आनला, त्यो बी निघाला डावीचाच. मंग हरन्याला घातला उजवीला. पहिल्या दिशी तासं आशी वाकडी निघाली, गावानं नावं ठेवली. दुसऱ्या दिशी खांद्याला फोड. तिसऱ्या दिशी खाली बसला — मारलं मी त्याला. चौथ्या दिशी... चौथ्या दिशी चालाय लागला. मंग दोन्ही खांद्याला चालायचा. लांबलांबनं मानसं बघाय येयाची, कासुर्डीचा एक जन तर — आता हसताय काय? हसू नका! मी तुमची बाजू घेत न्हाई. चालत हुता म्हंजी त्याला बरं वाटत हुतं आसं कुनी सांगितलं? बैल बोलतोय व्हय?

काय? कुनी शिकवलं म्हंजी? उजवा हात येवढा तयार कसा — ते मला काय इचारता? देवानं दोन हात दिल्यात, दोन्ही चालत्यात. डावऱ्या पोरी लई बघितल्या आसतील तुमी, त्यांचा नसतो आसा, नसू द्या. आमचं मेंढरातलं रगात हाय, तयार आसनारच.

आसं बघू नका माझ्याकडं.

जागरन हुतं घरी. ती चार वरसाची. पाव्हनं-रावळं, भाऊबंद, अंगनात मानूस मावंना. तळी उचलली, येळकोट येळकोट झालं, आन् हिनं पुढं येऊन भंडारा उधळला — डाव्या हातानं. देवावर! तिथनं कुनीतरी म्हनलं, तात्याबा, नात डावरी हाय व्हय रं? नीट लावा वळन, सासरी नाव काढंल तुमचं. समदी हासली. मला लई लागलं ते. त्याच दिशी माझ्या जुन्या पटक्याची पट्टी फाडली आन् तिचा डावा हात बांधला कमरेला. जेवताना, लिवताना, खेळताना बी. सहा महिनं. म्हाळसा, माझी सून — आई हो तिची — पदर तोंडात धरून रडायची, पन माझ्यापुढं बोलायची न्हाई. मल्हार बी न्हाई. पोरगी उजव्या हातानं घास उचलायची, आर्धा सांडायचा. सांडला की मी डोळं वटारायचो. बोलताना आडखळाय लागली, म-म-म करायची. तरी मी सोडली न्हाई पट्टी. हरन्या सुदरला हुता ना? मंग! त्याला चार दिस लागलं, हिला सहा महिनं, येवढाच फरक. पार शिकली. उजव्या हातानं जेवाय लागली, लिवाय लागली. मी गावात सांगत हिंडायचो, वळन लावलं म्हनून.

आन् तुमी काय केलं? पहिल्या दिशी काठी पुढं धरली आन् इचारलं, कुठल्या हातानं धरती गं? तिनं घरी येऊन सांगितलं मला. लई हरखली हुती, एक बी शबूद आडखळला न्हाई. म्हनली, आबा, मॅडमनी मला इचारलं. नुसतं इचारलं! येवढ्या घरात कुनाला सुचलं नव्हतं ते. तवा मला वाटलं, चला, एक मानूस भेटलं पोरीला. म्हनून राग येतोय तुमचा. दुसऱ्या कुनाचा आला नसता. तुमी बी शेवटी माझ्यासारखंच केलंत, न इचारता उजवीला —

काय म्हनलात?

उजवी बाजू तिनंच मागितली? ती आली तुमच्याकडं? परत सांगा.

"मॅडम, मला दोन्ही खांदं हायत, आबांनी तयार केल्यात." आसं म्हनली. हसत म्हनली का — न्हाई, नका सांगू. हसतच म्हनली आसंल, तशीच हाय ती. तुमाला ते कौतुक वाटलं. मॅडम, बैल काय हौसंनं दोन्ही खांद्याचा होत न्हाई. एकावर फोड आला की दुसऱ्यावर घेत्यात जू. आन् माझ्या केल्याचं ती आसं गोड करून सांगती, लोकांत माझं नाव ऱ्हावं म्हनून. मला नको तसलं नाव! कुनी मागितलं हुतं!

आत हाय ती. मगाधरनं दाराआडनं ऐकती, मला ठाव हाय, पैंजन वाजलं. तिला सोताला इचारा जायचं का ऱ्हायचं. डावीला पळायचं का उजवीला, ते बी तिलाच इचारा. व्हय म्हनली तर मल्हारकडनं सही घ्या, मी आडवा येत न्हाई. न्हाई म्हनली तर मातुर परत ह्या दारात येऊ नका. आन् मला आत बोलवू नका. मी समोर आसलो की ती माझ्याच मनासारखं बोलनार.

तुमी जेवूनच जावा. म्हाळसानं ताटं केल्यात. मी न्हाई बसत — न्हाई म्हनलं ना! रानात जातो. मी हितं बसलो की ती उजव्या हातानं जेवती, त्या मोडक्या हाडानं, घास उचलताना डोळं मिटून घेती. मी बांधावर गेलो की डाव्यानं खाती, म्हाळसानं सांगितलंय. आता उठा, आत जा. पोरगी कवाधरनं उपाशी हाय, मी जायची वाट बघती.