बोरन्हाणाचा फोटो

लखनौच्या निशातगंजमध्ये मुलांच्या व्यायामाच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. नात सासूच्या मांडीवर होती.

"नऊ महिन्यांची झाली तरी बसत नाही. आमचा ऋषभ या वयात उभा राहायचा."

"आई, दीप्ती अडीच महिने आधी झाली. डॉक्टर तिला साडेसहा महिन्यांचीच धरतात."

"अच्छा, आता वयही डॉक्टर ठरवणार. परवा बोरन्हाणाला मराठी मंडळाच्या सगळ्या बायकांसमोर पाटावरून कलंडली."

"मग तुम्ही तिला उशांमध्ये कोंबून ओढणीने बांधलंत."

"फोटो तरी सरळ आला."

"डॉक्टर म्हणाले, जमिनीवर सोडा, कलंडू द्या, त्यातूनच शिकेल."

"वा. कलंडायला शिकवायचे दवाखाने निघालेत लखनौत."

"घरी तुम्ही तिला खाली ठेवता कुठे? दिवसभर कडेवर."

"चाळीस दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा हातसुद्धा लावू दिला नाही मला तुझ्या डॉक्टरांनी."

"दीप्ती का नंबर है, आइए," आतून नर्सने हाक मारली.

"द्या आई, मी नेते आत."

"राहू दे. तू चपला सांभाळ. तू पाडशील तिला."