न विचारता बंद केलेलं बटण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावरचे कुलसचिव आणि विभागप्रमुख, आज सेवानिवृत्त होत असलेले रसायनशास्त्राचे आमचे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, समोरचे प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी, आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे असलेले सज्जनहो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि हळूच सुचवलंय, "मॅडम, आज जरा गोड बोला." मी या विद्यापीठाच्या संशोधन विभागात उपकुलसचिव म्हणून नोकरी केली. गोड बोलायचा सराव त्या खुर्चीत होत नाही. तरी बघू.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांची तोंड भरून स्तुती केली. ती सगळी खरी आहे. पण प्रत्येकाने शेवटी एक वाक्य म्हटलं, "सरांचं कार्य असंच पुढे चालू राहील." कसं चालू राहील? कोण चालवणार? हे कुणी बोललं नाही. सर चालवतात तो पर्यावरण कक्ष आज कार्यालय बंद होताना आपोआप संपतो. तसा विद्वत परिषदेचा ठराव आहे. सर सेवेत आहेत तोवर कक्ष. त्यांच्यानंतर एखाद्या शिक्षकाने स्वतःहून जबाबदारी घेतली तर तो पुढे, नाहीतर कुलूप. अजून कुणी घेतलेली नाही. आज सकाळी मी कक्षाच्या खोलीवरून आले, तर परीक्षा विभागाचे दोघे दारात उभे राहून आत उत्तरपत्रिकांचे किती गठ्ठे मावतील याचा अंदाज घेत होते. इतक्या लवकर तर घरमालकही येत नाही.

असा चमत्कारिक ठराव झालाच कसा? नव्या लोकांना माहीत नाही आणि जुने सांगत नाहीत. म्हणून मी सांगते.

सरांना मुलं "बटणसर" म्हणतात, हे त्यांना माहीत आहे. हसू नका, वहिनींनाही माहीत आहे. रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला की सर जाता जाता आत शिरायचे आणि बटण बंद करून यायचे. ग्रंथालय, जिना, स्वच्छतागृह, काही सोडलं नाही. एकदा परीक्षा चालू असलेल्या हॉलचे दिवे त्यांनी घालवले होते, कारण मुलं इतकी शांत बसली होती की सरांना हॉल रिकामा वाटला. (वहिनी आत्ता मला हळूच सांगत होत्या, "घरी मात्र हे दिवे लावत पुढे जातात आणि मी मागून बंद करत फिरते." वहिनी, माफ करा, हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.)

त्या काळी पर्यावरण म्हणजे वर्षातून एकदा निबंध स्पर्धा. बक्षीस म्हणून प्लॅस्टिकची ट्रॉफी. सर एकटेच काहीतरी करत होते, आणि जे एकट्याने करता येतं ते म्हणजे बटण बंद करणं. शेवटी विद्यापीठाने त्यांच्या समाधानासाठी एक कक्ष काढून दिला. जिन्याखालची खोली, एक टेबल आणि दाराला पाटी. पाटी टेबलापेक्षा मोठी होती.

आणि मग ती सुट्टी आली.

सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एक विद्यार्थिनी पीएचडी करत होती. ती प्रयोगशाळेत बुरशी वाढवत असे. कापड रंगवण्याच्या कारखान्यांतून जे घाण पाणी येतं, त्यातला रंग खाऊन टाकणारी बुरशी. म्हणून तिला सगळे "बुरशीताई" म्हणत. ही बुरशी ठरावीक उबेच्या कपाटात ठेवावी लागते आणि ते कपाट सतत चालू राहावं लागतं. सुट्टीत तिच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून ती गावी गेली. सर त्या इमारतीवरून जात होते. आत माणूस नाही, दारं बंद आणि यंत्रांची घरघर चालू. सरांना वाटलं, बघा, सुट्टीवर जातात आणि सगळं तसंच टाकून जातात. त्यांनी व्हरांड्यातला मुख्य स्विच खाली ओढला आणि समाधानाने घरी गेले.

ती परत आली तेव्हा वर्षभराचं काम संपलं होतं. हवी ती बुरशी मेली होती आणि नको ती कपाटभर माजली होती.

पर्यावरणाच्या नावाखाली पर्यावरणाचंच संशोधन मारायचं, ही चूक दुसऱ्या कुणाला साधली नसती. त्यासाठी मनापासून काम करणारा माणूसच लागतो.

ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. मला ते आवडलं. म्हणाली, "मॅडम, मुदत वाढवून हवी."

"कारण?"

"बटणसर."

"हे कारण नियमात बसत नाही."

"मग काय बसतं?"

"आजारपण, बाळंतपण, नैसर्गिक आपत्ती."

"मग नैसर्गिक आपत्ती लिहा ना मॅडम! वादळ आलं तर निदान आधी ढग तरी दिसतात."

मी नियमाची बाई आहे. पण खरं सांगते, तिच्या या म्हणण्यात मला खोट काढता आली नाही. मी अर्ज तसाच परिषदेपुढे ठेवला.

परिषदेत काय झालं ते मी कोपऱ्यात बसून टिपत होते. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "म्हणजे आता तुमचं पर्यावरण पोरांच्या पदव्या खाणार का?" दुसरे म्हणाले, "कक्षच बंद करा. न रहेगा बांस..." त्यांना पुढचं आठवेना, तेव्हा तिसऱ्यांनी अनुमोदन देऊन टाकलं. सरांना बाजू मांडायला सांगितलं. त्यांच्याकडे मांडण्यासारखं पुष्कळ होतं. दारावर सूचना नव्हती, यंत्रावर चिठ्ठी नव्हती, विभागाने कळवलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर हे सगळं मांडलं असतं. सर उठले आणि एवढंच म्हणाले, "मी विचारलं नाही. चूक माझी आहे. कक्ष बंद करायचा तर करा, पण आधी तिची मुदत वाढवा."

भांडायला आलेल्या माणसासमोर कुणी भांडलंच नाही, तर त्याची फार पंचाईत होते. तिला मुदत मिळाली. कक्षाचं काय करावं यावर एकमत होईना, तेव्हा मी सुरुवातीला सांगितला तो ठराव झाला. कक्षाला सरांच्या निवृत्तीपर्यंत जीवदान मिळालं.

दुसऱ्या आठवड्यात बुरशीताईने विभागातल्या एकेका यंत्रावर लाल कागद चिकटवले. प्रत्येकावर ठळक अक्षरांत, "बटणसरांनी हात लावू नये." मुलं लांबून लांबून बघायला येत होती. विभागप्रमुख घाबरले. सर आले, एकेक कागद नीट वाचला आणि म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. मला हिरवेही करून देशील का? ज्यांना हात लावलेला चालेल, त्यांच्यासाठी."

ती त्यांच्याशी बोलत नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसांना म्हणाली, "काका, त्यांना सांगा, हिरवा कागद संपलाय."

सर काकांना म्हणाले, "तिला सांगा, मी घेऊन येतो."

आज आपल्या विद्यापीठात प्रत्येक बटणाखाली जे लाल आणि हिरवे ठिपके दिसतात, जे बघायला बाहेरून पाहुणे येतात आणि ज्यांचे फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापतात, ते असे जन्माला आले. एका मुलीच्या रागातून. मुखपृष्ठावर हे छापलेलं नाही.

पण ठिपका लावायचा तर आधी विचारावं लागतं, हे बटण कशाचं? ते दोघे खोलीखोलीतून विचारत फिरले. ती पुढे, सर मागे, मध्ये काका निरोप पोचवायला. आणि काय सापडलं म्हणता? निम्मी बटणं कशाची हे कुणालाच माहीत नव्हतं. ग्रंथालयामागच्या कुलूपबंद खोलीत एक पंखा कित्येक वर्षं फिरत होता. त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त होऊन परगावी गेले होते. एका विभागात रसायनांसाठी घेतलेला मोठा फ्रिज होता, त्यात फक्त विभागप्रमुखांचा डबा. तो विभाग कुठला हे मी सांगणार नाही. ते व्यासपीठावर बसले आहेत.

विचारत फिरण्याचा एक फायदा झाला. लोकच सांगू लागले. मेसच्या मावशी म्हणाल्या, "सर, दिव्यांचं काय घेऊन बसलात? ताटातलं किती टाकतात ते येऊन बघा." त्यातून वसतिगृहांच्या उरल्यासुरल्या अन्नापासून बनणारा स्वयंपाकाचा गॅस आला. मग छपरावरचं पाणी साठवणं आलं, सायकली आल्या, पाण्याच्या बाटल्या गेल्या. सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. सर्वांत कमी कचरा करणाऱ्या वसतिगृहाला बक्षीस ठेवलं, तेव्हा मुलींचं वसतिगृह सारखं पहिलं येऊ लागलं. आम्हाला कोण अभिमान! मग मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक तक्रार घेऊन आले, "मॅडम, आमच्या कचऱ्यात केसांच्या पिना कुठून येतात?" मुली पहाटे आपला कचरा तिकडे टाकून येत होत्या. सर ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही वसतिगृहांचा कचरा एकत्र धरला आणि बक्षीस दोघांना मिळून ठेवलं. पुढच्या महिन्यात मुलंमुली एकमेकांवर पाळत ठेवून होती. त्यातून दोन लग्नंही जमली, पण ती कक्षाच्या अहवालात धरलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र मी इतकी वर्षं बघत आले. बुरशीताईला पदवी मिळाली, ती इथेच शिक्षिका झाली. काकांमार्फत बोलणंही कधीतरी थांबलं, दोघं सरळ बोलू लागली. पण सर तिच्या प्रयोगशाळेशी आले की उघड्या दारावर टकटक करतात. "येऊ का?" ती मान वर करते, क्षणभर बघते आणि म्हणते, "या." तिच्याहून लहान शिक्षकांच्या खोलीत ते बेधडक शिरतात. इथे नाही.

गेल्या आठवड्यात मी सरांकडे गेले. मला वळसे घालता येत नाहीत. विचारलं, "कक्ष कुणाला देताय?"

म्हणाले, "देण्यासारखी एकच आहे."

"मग विचारा तिला."

त्यांनी चष्मा पुसला. ते अडचणीत आले की चष्मा पुसतात. आत्ताही पुसत आहेत, बघा. म्हणाले, "मॅडम, तिचं एक वर्ष मी घेतलंय. आता आणखी वर्षं मागायला कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी तिच्याकडे गेले. म्हटलं, "तू का घेत नाहीस?" तिने समोरची काचेची बशी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "घेतलं असतं. पण त्यांनी विचारायला नको का? अख्ख्या विद्यापीठाला विचारायला शिकवलं त्यांनी. मला मात्र 'येऊ का' याच्यापुढे काही विचारत नाहीत."

आता सांगा, अशा माणसांचं काय करावं? एक विचारत नाही, दुसरी न विचारता घेत नाही, आणि या दोघांच्या भिडेपायी कक्षात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जाणार! गॅसचं कोण बघणार? पुढच्या वर्षीच्या मुलांना ठिपक्यांचा अर्थ कोण सांगणार? मला हे चालणार नाही. मी निवृत्त आहे, माझ्यावर कारवाई करता येत नाही, म्हणून हे सगळं इथे बोलते आहे.

सर, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. उठा आणि विचारा. बुरशीताई, तुझ्यावर कसलंही दडपण नाही. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. तू नाही म्हणालीस तर आम्ही टाळ्या वाजवून घरी जाऊ आणि तुला कुणी बोल लावला तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

सर उभे राहिले. आभारी आहे, सर. काय? मोठ्याने बोला, आणि पूर्ण वाक्यात. "घेशील का" एवढ्याने भागत नाही, काय घ्यायचं तेही सांगा.

ठीक. मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल. सर म्हणाले, "कक्षाची जबाबदारी तू घेशील का? नको असेल तर नको म्हण. मला विचारायचं मात्र होतं. फार दिवसांपासून."

आणि ती... थांबा, टाळ्या नकोत, तिला बोलू द्या. हं. मागे ऐकू आलं? नाही? मग तिचेच शब्द सांगते. "घेते, सर. आणि ते वर्ष मी केव्हाच सोडून दिलं. तुम्हीच धरून बसला होतात."

कुलगुरू महोदय, ठरावाप्रमाणे आपली सही लागत नाही, पण आपण मान डोलावलीत ती मी पाहिली. परीक्षा विभागाने गठ्ठ्यांसाठी दुसरी जागा शोधावी.

मला बोलावल्याबद्दल संयोजकांचे आभार. मला थोपवलं नाहीत, त्याबद्दल अधिक आभार. कुणाचा डबा, कुणाच्या पिना, कुणाची खाजगी गोष्ट मी चारचौघांत काढली असेल, तर राग माझ्यावर धरा आणि घरी जाईपर्यंत सोडून द्या. सत्काराला उत्तर म्हणून आता सर बोलतील. त्यांना जरा वेळ लागेल असं दिसतंय. वहिनी, तुम्ही त्यांच्याजवळ पाण्याचा पेला सरकवा. आम्ही थांबतो. कुणी घाई करू नका.