सुतकाच्या अंगणातली पंगत

मंडळी, आजच्या कीर्तनात एकच प्रश्न. शेजारच्या राज्यात राजा प्रजेला छळतोय, आणि आपलं राज्य मोठं, फौज मोठी. मध्ये पडावं का? की 'त्यांचं ते बघतील' म्हणून दार लावून घ्यावं? तात्या, मान हलवू नका. उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही कुठल्याही प्रश्नाला मान हलवता.

तर ऐका. सोनकोंड नावाचं एक छोटंसं राज्य. राजा दुर्मद. त्यानं खंडू लोहाराला बोलावलं — "कैद्यांसाठी बेड्या घड." खंडू म्हणाला, "फाळ सांगा, विळा सांगा. माणसाच्या पायात घालायचं माझ्या भट्टीत होत नाही." झालं! राजानं जुन्या बेड्या शोधल्या, खंडूच्याच पायात घातल्या आणि त्याला गडावरच्या कोठडीत टाकलं.

त्याची बायको गिरजा. नवरा घरी आणायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात. नदी ओलांडून ती वज्रपूरला गेली. तिथला राजा प्रतापकेतू, केवढा मोठा! हत्ती, तोफा, आणि स्वतःची स्तुती ऐकायला पगारी भाट. गिरजानं पाय धरले.

"महाराज, आमचा राजा माणसं कोंडतोय. माझे कारभारी आत आहेत. सोडवा त्यांना."

राजानं डोळे मिटले. "वाईट वाटतं हो, बाई. पण दुसऱ्याच्या घरात डोकवायची आमची रीत नाही."

आणि त्याच वेळी, मंडळी, वाड्याच्या मागच्या दारी काय चाललं होतं? सोनकोंडच्या सागवानाच्या गाड्या खाली होत होत्या! डोकवायचं नाही, पण लाकूड घ्यायला हरकत नाही. गिरजानं त्या गाड्या पाहिल्या. कुठल्या रानातलं लाकूड ते तिला न सांगता कळलं. डोळे पुसून ती घरी आली.

वर्ष गेलं. दुर्मदानं काय केलं, सागवान दुसऱ्याच राजाला विकायला लागला. आणि वज्रपुरात एकाएकी दयेला पूर आला! प्रतापकेतूला घास गोड लागेना. "अरे, त्या लोहारणीचं काय झालं? केवढा हा छळ!" छळ तोच, कोठडी तीच, खंडू तोच. बदललं होतं ते सागवानाचं गिऱ्हाईक.

फौज आली. दुर्मद मागच्या वाटेनं पळाला. पण तोफेचा गोळा काय नाव-गाव विचारून पडतो? एक पडला लोहारआळीत. गिरजाचा म्हातारा सासरा भिंतीखाली गेला. शेजाऱ्यांनी त्याला अग्नी दिला, कारण मुलगा कोठडीत.

राख निवली नाही तोवर ती सेनापतीकडे गेली. "आता तरी कारभाऱ्यांना सोडा."

"सोडू की," सेनापती म्हणाला. "पण आमच्या घोड्यांना नाल ठोकायचेत, लोहार हाताशी हवेत. तूर्त राहू देत आत."

झेंडा नवा आणि कुलूप जुनंच! वर निरोप काय, "महाराजांची विजयाची पंगत तुझ्या अंगणात. तूच बोलावलंस ना आम्हाला? भाटाला कवन रचायला बरं पडेल." गावाच्या कणग्यांतलं धान्य उपसून तिच्याच पडवीत आणून टाकलं. रांध म्हणाले.

पंगत बसली. राजा पाटावर, शेजारी सरदार, मागं शिपाई. पत्रावळी मांडलेल्या. गिरजानं पाणी ठेवलं आणि उंबऱ्याशी जाऊन बसली. राजा वाट बघतोय. सरदार वाट बघताहेत. पोटात कावळे ओरडताहेत, पण बाई जागची हलेना.

"बाई, वाढा की," राजा म्हणाला.

"काय वाढू, महाराज? घरात सुतक आहे, चूल पेटलेली नाही. आमच्याकडं सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. जेवायला कुणी येत नाही. तुम्ही शेजारी म्हणून आलात. मी सकाळपासून तुमच्या भाकरीची वाट बघतेय."

मागचा एक म्हातारा शिपाई पत्रावळ सोडून उठला. "आमच्या गावातही हीच रीत आहे," म्हणाला. पंगतीतला एक उठला की दुसऱ्याला बसवत नाही. शिपाई उठले, सरदार उठले. उरला राजा एकटा, पुढ्यात कोरी पत्रावळ. भाटानं कवनाचा कागद घडी करून कमरेला खोचला.

"काय हवंय तुला?" राजानं मान खाली घालून विचारलं.

"कुलूप काढा. आणि मग घरी जा."

कुलूप निघालं. खंडू लंगडत अंगणात आला. एवढी फौज उभी, पण त्यानं कुणाकडं बघितलं नाही. गिरजाला एवढंच विचारलं, "बाबा कुठायत?"

गिरजानं पडक्या भिंतीकडं बोट दाखवलं. राजा पत्रावळीकडं बघत राहिला.

आता तात्या विचारतील, "बुवा, म्हणजे राजानं जायलाच नको होतं का?" अहो, जायलाच हवं होतं! ती पहिल्यांदा पाया पडली तेव्हा जायला हवं होतं. तेव्हा गेला असता तर खंडूला बाप भेटला असता.

तुम्ही हसलात राजाला. हसा. रोज चहाबरोबर आपण ठरवतो, कुठल्या देशानं कुठल्या देशात फौज धाडावी. आणि भिंतीपलीकडं सून रडते तेव्हा? टीव्हीचा आवाज कोण वाढवतं? 'त्यांच्या घरचा मामला' कोण म्हणतं? आणि कधी गेलोच, तर तिचं दुःख ऐकायला जातो की गावभर सांगायला काही मिळतं का बघायला?

आरती घ्या, बुक्का लावा. आणि घरी जाताना वाटेत ज्या दाराशी तुम्ही रोज पावलं भरभर उचलता, तिथं आज थांबा. कडी वाजवा. प्रसादाचा द्रोण त्यांच्यासाठी न्या.