बिअरच्या बाटलीतला मसाला

(चारकोप गावठाण. अंगणभर उन्हात वाळत घातलेल्या बिअरच्या रिकाम्या बाटल्या. सरकारी योजनेसाठी पाहणी करायला आलेले राणेसाहेब फाटकातूनच मागे वळलेत.)

अँजेलिना : अहो साहेब, आत तरी या. फाटकातून पाहणी होते होय?

राणे : आत येऊन काय बघू, बाई? अर्जात लिहिलंय मसाला उद्योग. इथे तर अख्ख्या गावठाणाने रात्री पार्टी केलेली दिसतेय.

मर्विन : देवाशपथ साहेब, यातली एकपण मी नाय प्यायलो.

अँजेलिना : तू गप रे, मर्विन. नवरा असून वाट लावशील माझी. साहेब, या भंगारवाल्याकडनं आणल्यात. आमचा मसाला यातच भरतात, सासूच्या सासूपासून.

राणे : बिअरच्या बाटलीत?

अँजेलिना : काच काळपट असते ना. उजेड लागत नाय, रंग उडत नाय. काठीने ठासून भरला की वर्षभर बघायला नको. म्हणून तर त्याला बाटली मसाला म्हणतात.

मर्विन : तुम्ही येणार म्हणून हिने सगळ्या बाहेर काढून मांडल्या. इम्प्रेशन पडायला.

राणे : पडलं की. पण व्यवसाय दिसला नाही, तर मी रिपोर्टात काय लिहू? मग कर्ज नाही, मशीन नाही.

अँजेलिना : असं नका करू, साहेब. उखळात कांडून कांडून खांदे गेले आम्हा बायकांचे. गेल्या उन्हाळ्यात निम्म्या ऑर्डरी परत केल्या. रडले मी तेव्हा. मशीन पाहिजेच मला. मर्विन, ती भरलेली बाटली आण.

मर्विन : घ्या. नाक लांब ठेवा हां, साहेब.

राणे : मी मालवणचा आहे. मला मसाल्याचं भय घालू नका. आ... आक्छी. आवशीचो घो. माफ करा बाई, तोंडातून गेलं. काय काय घालता यात?

अँजेलिना : नावं सगळी सांगते. प्रमाण नाय सांगणार. मर्विनलापण नाय सांगितलं.

मर्विन : दहा वर्षं विचारतोय, साहेब.

राणे : मग धंदा पक्का आहे. चला, उखळं दाखवा, साठा दाखवा. रिपोर्ट चांगलाच जाईल.

अँजेलिना : म्हणजे मशीन येईल?

राणे : माझ्याकडून अडणार नाही.

अँजेलिना : मर्विन, ऐकलंस? कांडायला येणाऱ्या सपनाला फोन लाव, लिओनाला लाव. नको, थांब, मीच सांगते.

राणे : आधी फोटो. व्यवसायाच्या जागी मालक उभा पाहिजे.

मर्विन : एक मिनिट, शर्ट बदलून येतो.

राणे : तुम्ही नाही हो. अर्ज यांचा आहे. या बाई, इथे बाटल्यांच्या मधोमध. हां, हलू नका.

अँजेलिना : आजवर कागदावर मी कुणाची पोर, नायतर कुणाची बायको. मालकीण आज पहिल्यांदा. जरा सावकाश काढा, साहेब.