अकरा मार्चचा प्रबंध

रोमानियातल्या याश शहरात, बाइंडिंगच्या दुकानात मी रांगेत होतो. पुढे एका छोट्या गावाचे उपनगराध्यक्ष त्सुर्कानू, बगलेत स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध, आणि तो टाइप करणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरी ओर्तान्साबाई.

“साहेब, बांधायच्या आधी एक सांगू? वेबसाइटचा संदर्भ दिला की ती कधी पाहिली, तेही लिहायचं असतं.”

“लिहिलंय की. अकरा मार्च दोन हजार तीन.”

“ब्याण्णव वेबसाइट आहेत. सगळ्यांना तीच तारीख.”

“एका बैठकीत पाहिल्या. कामाला बसलो की मी उठत नाही.”

“तेव्हा तुम्ही पाचवीत होता.”

“हुशार होतो.”

“आणि गावात इंटरनेट आलं दोन हजार नऊला. फीत तुमच्याच वडिलांनी कापली.”

“बाई, तुम्ही माझ्या बाजूच्या की परीक्षकांच्या?”

“अहो, जिथून उतरवलंत तिथली तारीख तरी खोडायची!”

“हळू बोला! बरं, सगळीकडे आजची तारीख घाला.”

“यातल्या निम्म्या आता उघडतच नाहीत. मी पाहिल्या.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं पाहायला?”

बाइंडरने डिंकाच्या डब्यावरून मान वर केली.

“बदलू नका, साहेब. अकरा मार्चवाले तीन प्रबंध यंदा मीच बांधले. तिघंही डॉक्टर झाले.”

“ऐकलंत, बाई?”

“एका मुलीने मात्र,” बाइंडर पुढे म्हणाला, “प्रत्येक वेबसाइटला वेगळी, खरी तारीख घातली होती. तिचा परत आला. समितीला संशय आला. म्हणाले, एवढं स्वतः कोण बघत बसतं?”