बट्टीबरोबर वाइन

जयपूरच्या एका हवेलीत दाल-बाटीसोबत वाइन चाखायची रांग होती. काउंटरशी पोचलेल्या जोडप्याचं जळगावी मराठी ऐकून मागे उभ्या अनुयाने कान टवकारले.

“अहो, ही तर आपली वरण-बट्टी. आणि वाइन नाशिकची!”

“सरोजिनी, इथे अनुभव घ्यायचा असतो. आधी वास, मग घोट, मग बाटी.”

“तीस वर्षं माझी बट्टी गिळताय. कधी वास घेतलात?”

“लोक बघताहेत. खा.”

“आतून कच्ची आहे.”

“कच्ची नाही, मऊसर. कार्डावर लिहिलंय.”

“माझी एकदाच कच्ची राहिली, तर ताट सरकवलंत.”

“बरं बाई, तुझीच चांगली असते.”

“मोठ्याने म्हणा. हिंदीत. त्या वाइनवाल्या भैयालाही कळू दे.”